पर्थशायरची डचेस

मे १९३५. हिंदुस्थानच्या नव्या राज्यघटनेचं विधेयक ब्रिटिश पार्लमेंटात अखेरच्या टप्प्यावर आलं होतं. सायमन कमिशन, तीन गोलमेज परिषदा, श्वेतपत्रिका, संयुक्त समिती असं सगळं होऊन त्याला आठ वर्षं लोटली होती. आपल्याकडची तक्रार अशी की पदरात पडतंय ते फारच थोडं आहे. लंडनमध्ये हुजूर पक्षातला चर्चिल यांचा गट मात्र सरकार फार देऊन बसलंय म्हणून संतापला होता. त्या महिन्यात पाच खासदारांनी सरकारचा व्हिप परत केला आणि यापुढे पक्षाचा आदेश आपल्याला लागू नाही असं कळवलं. त्या पाचांत एक बाई होत्या, ॲथॉलच्या डचेस कॅथरीन स्ट्यूअर्ट-मरे.

आपल्या स्वराज्याच्या वाटेत उभी राहिलेली एक उमरावीण, एवढ्यावर मराठी वाचकाने हे नाव बाजूला ठेवलं तर त्याला दोष देता येणार नाही. पण त्यानंतर तीनच वर्षांनी याच बाईंनी स्पेनच्या लोकनियुक्त सरकारसाठी आणि हिटलरला दिलेल्या सवलतींविरुद्ध स्वतःची खासदारकी पणाला लावली आणि ती गमावली. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या बॉम्बवर्षावातून सुटलेली जवळजवळ चार हजार मुलं इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली, ती ज्या समितीच्या भरवशावर, तिच्या अध्यक्ष याच होत्या. तेव्हापासून ‘लाल डचेस’ हे नाव त्यांना चिकटलं. कम्युनिझमशी त्यांचं कधीच जमलं नव्हतं, तरीही. हिंदुस्थानला नाही म्हणणारी आणि स्पेनसाठी उभी राहणारी बाई एकच, हे नीट समजून घ्यायचं तर त्यांच्या मुलखात जायला हवं.

स्कॉटलंडमध्ये पर्थहून इन्व्हर्नेसला जाणारी रेल्वे डोंगरात शिरल्यावर ब्लेअर ॲथॉल नावाचं छोटं स्टेशन लागतं. तिथून जवळच पांढऱ्याशुभ्र भिंतींचा ब्लेअर कॅसल आहे. १८४४ साली व्हिक्टोरिया राणी इथे मुक्कामाला होती. पुढच्या वर्षी तिने ॲथॉल घराण्याच्या पहारेकऱ्यांना निशाण बहाल केलं. तेव्हापासून ॲथॉल हायलँडर्स ही युरोपातली एकमेव अधिकृत खाजगी फौज म्हणून ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या घराण्याची जमीन सुमारे दोन लाख एकर होती. डोंगर, हरणांची राखीव रानं, मेंढरांची कुरणं आणि त्यावर जगणारी कुळं, सगळं त्यातच आलं.

कॅथरीन या घरात सून म्हणून आल्या. त्यांचा जन्म १८७४ साली एडिंबराचा. वडील सर जेम्स रॅमसे मध्ययुगीन इंग्लंडच्या इतिहासाचे अभ्यासक होते, खंडामागून खंड लिहिणारे. कागदपत्रांच्या मुळाशी जाण्याची खोड लेकीला तिथूनच लागली असणार. लहान वयात पियानोवर हात बसला, पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ह्यूबर्ट पॅरी यांच्या हाताखाली शिक्षण झालं. स्टीव्हन्सनच्या कवितांना त्यांनी चाली लावल्या. घरचे त्यांना किटी म्हणत. १८९९ साली ॲथॉलच्या गादीच्या वारसाशी लग्न झालं आणि संगीत हे आयुष्याचं काम होण्याची शक्यता तिथेच संपली. नवरा लष्करी बाण्याचा. बोअर युद्धात त्याने ‘स्कॉटिश हॉर्स’ ही पलटण उभारली. १९१० ते १९१७ तो खासदार होता. १९१७ साली वडील वारले आणि तो आठवा ड्यूक झाला. या जोडप्याला मूल झालं नाही.

त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातलं पहिलं मोठं काम फारसं कोणाला ठाऊक नाही. मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. १९११ साली ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विमा कायदा झाला. पगारदार कामगाराच्या आजारपणाची त्यात सोय होती. पण स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये आणि बेटांवर पगारदार होता कोण? तिथला माणूस क्रॉफ्टर, म्हणजे तुकडाभर जमीन कसणारा, चार मेंढरं पाळणारा, जमेल तेव्हा मासे धरणारा. त्याला मालक नाही, मग विम्याचा हप्ता कापायचा कुठून? या भागाच्या वैद्यकीय सोयींचा विचार करायला १९१२ साली सर जॉन ड्यूअर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कॅथरीन तिच्यातल्या एकमेव स्त्री सदस्य.

समितीने लंडनमध्ये बसून अहवाल लिहिला नाही. ती बेटांवर गेली, गावोगावच्या डॉक्टरांच्या, धर्मगुरूंच्या, क्रॉफ्टरांच्या साक्षी घेतल्या. पुढे आलेलं चित्र आपल्याकडच्या दुर्गम तालुक्यांत काम केलेल्या कोणालाही ओळखीचं वाटेल. डॉक्टर एक आणि त्याच्या वाट्याला डोंगर, खाड्या, दलदल. रस्ता नाही तिथे होडी, होडी नाही तिथे पायपीट. रोग्याकडे फी द्यायला पैसे नाहीत, म्हणून डॉक्टरला धड राहायला घर नाही, रजा नाही, म्हातारपणी निवृत्तिवेतन नाही. काही भागांत कित्येक माणसं डॉक्टरचं तोंडही न बघता मरत. मरणाचं कारण लिहून द्यायलाही कोणी नसे. वर्षाअखेरीस अहवाल आला आणि १९१३ साली हायलँड्स आणि बेटांसाठी सरकारी अनुदानावर चालणारी वैद्यकीय सेवा सुरू झाली. अनुदान वर्षाला ४२,००० पौंडांचं. डॉक्टरला ठरावीक उत्पन्नाची हमी, रोग्याला परवडेल एवढीच फी, परिचारिकांची सोय. ब्रिटनची सार्वत्रिक आरोग्यसेवा आली १९४८ साली. सरकारच्या पैशातून सर्वांसाठी औषधोपचार करता येतात, हे त्याच्या पस्तीस वर्षं आधी या ओसाड बेटांवर सिद्ध झालेलं होतं.

त्याच १९१२ साली कॅथरीन ग्लासगोत व्यासपीठावरून स्त्रियांच्या मताधिकाराविरुद्ध बोलत होत्या. स्त्रियांचं शिक्षण आणि राजकारणाची समज पुरेशी होईपर्यंत मताची घाई नको, असं त्यांचं म्हणणं. क्रॉफ्टरच्या घरी जाऊन त्याच्या बायकोचं बाळंतपण कोण करतं हे विचारणारी बाई, त्याच बायकोला मत द्यायला मात्र तयार नव्हती. जहागिरीत वाढलेल्या मनाची ही घडण होती. जो दुबळा आहे त्याची काळजी वाहणं हे आपलं कर्तव्य आणि त्या कर्तव्यात तसूभरही कसूर नको. पण त्याचं भलं कशात आहे हे ठरवणार आपण. त्यांची पुढची सगळी कारकीर्द मी या एका धाग्यावर वाचतो. त्यांच्या हातून झालेलं थोर काम आणि त्यांच्या चुका, दोन्ही याच पालकत्वाच्या भावनेतून आलेल्या दिसतात.

पहिल्या महायुद्धात ब्लेअर कॅसलचं रुग्णालय झालं. युद्धानंतर त्या पर्थशायरच्या शिक्षण मंडळावर निवडून आल्या. पार्लमेंटची निवडणूक लढवा असं त्यांना सुचवलं उदारमतवादी पुढारी लॉइड जॉर्ज यांनी, म्हणजे विरुद्ध पक्षाच्या माणसाने. ड्यूक उमरावांच्या सभागृहात बसत. ड्यूकची पत्नी मात्र स्वतः त्या सभागृहाची सदस्य नव्हे, त्यामुळे तिला लोकसभेला उभं राहता येई. डिसेंबर १९२३ मध्ये किन्रॉस आणि वेस्ट पर्थशायर मतदारसंघातून त्या अवघ्या १५० मतांनी निवडून आल्या. स्कॉटलंडने पार्लमेंटात पाठवलेली ही पहिली स्त्री. आणि काही आठवड्यांतच, स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने एकविसाव्या वर्षी मत द्यावं असं विधेयक आलं तेव्हा या पहिल्या स्त्री खासदाराने त्याला विरोध केला.

१९२४ च्या अखेरीस पंतप्रधान बाल्डविन यांनी त्यांना शिक्षण खात्याच्या संसदीय सचिव नेमलं. हुजूर पक्षाची मंत्रिपदावर आलेली ही पहिली स्त्री. वरिष्ठ मंत्री लॉर्ड युस्टस पर्सी आणि तिजोरी सांभाळणारे चर्चिल यांना शिक्षणावरचा खर्च कापायचा होता. नव्या नेमणुकीतल्या माणसाने गप्प बसावं असा रिवाज. कॅथरीन यांनी कपातीला खात्यातूनच विरोध केला आणि थेट पंतप्रधानांचं दार ठोठावलं. या पदावर त्या १९२९ पर्यंत राहिल्या. त्यापुढची बढती कधी मिळाली नाही.

डिसेंबर १९२९ मध्ये त्यांनी सभागृहात असा विषय काढला की कित्येक पुरुष सदस्यांना कुठे बघावं कळेना. केनियातल्या किकुयू मुलींच्या जननेंद्रियांची वयात येताना होणारी छाटणी. स्कॉटिश मिशनऱ्यांकडून माहिती मिळाल्यावर त्यांनी आणि अपक्ष खासदार एलिनॉर रॅथबोन यांनी सर्वपक्षीय समिती केली, डॉक्टरांच्या साक्षी घेतल्या. नेमकं काय कापलं जातं, जखमेचं काय होतं, बाळंतपणात काय ओढवतं, हे कॅथरीन यांनी सभागृहात आडपडदा न ठेवता सांगितलं. मध्येच अडवणारे होते, तरी त्या बोलत राहिल्या. पुढे समितीने लंडनमध्ये असलेल्या एका तरुण किकुयू पुढाऱ्यालाही बोलावलं. त्याचं नाव जोमो केन्याटा.

इथे मराठी वाचकाला १८९१ चा संमतिवयाचा वाद आठवल्यावाचून राहणार नाही. कोवळ्या मुलीचे हाल थांबलेच पाहिजेत हे आगरकरांचं म्हणणं आणि आमच्या घरात शिरायचा परक्या सरकारला अधिकार काय हा टिळकांचा सवाल. केन्याटांनी १९३८ च्या आपल्या पुस्तकात या प्रथेची बाजू घेतली, त्यामागे हाच सवाल होता. माझं मत स्पष्ट आहे. मुलीच्या देहाच्या प्रश्नावर कॅथरीन बरोबर होत्या आणि हा विषय जगाच्या चर्चेत यायला त्यानंतर निदान चाळीस वर्षं लागली. पण ज्यांच्या जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांनी बळकावल्या होत्या, त्यांना त्याच गोऱ्यांच्या तोंडचा उपदेश कसा लागत असेल, याचा अंदाज त्यांना आला नव्हता.

हिंदुस्थानबाबत नेमकं हेच झालं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. १९३३ पासून त्यांनी श्वेतपत्रिकेविरुद्ध लिहायला-बोलायला सुरुवात केली. प्रांतांचा कारभार निवडून आलेल्या मंत्र्यांच्या हाती गेला तर अल्पसंख्याकांचं काय, दलितांचं काय, बालविवाहात अडकलेल्या मुलींचं काय, हे त्यांचे प्रश्न. प्रश्न खोटे नव्हते. डॉ. आंबेडकर त्यातले कित्येक प्रश्न गोलमेज परिषदेत त्याहून कितीतरी धारदारपणे विचारत होते. पण आंबेडकरांचं उत्तर होतं सत्तेत वाटा. डचेसचं उत्तर होतं इंग्रज अधिकारी. त्यांच्या मांडणीतली हिंदी माणसं संरक्षण मागणारी असतात, राज्य करणारी नसतात. १९३५ चा कायदा झालाच. १९३७ साली मुंबई इलाख्यात निवडणुका झाल्या, आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष विधिमंडळात आला, बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ बसलं. स्त्रियांनी मतं दिली, स्त्रिया निवडून आल्या. डचेसनी वर्तवलेला अंधार पडला नाही.

व्हिप परत केल्यावर काही महिन्यांत मुसोलिनीने ॲबिसिनियावर डोळा ठेवला आणि डचेस सरकारच्या बाजूला परतल्या. याच सुमारास त्यांनी हिटलरचं ‘माइन काम्फ’ मूळ जर्मनमधून वाचलं. इंग्रजीत १९३३ साली आलेली आवृत्ती पुष्कळ छाटलेली होती. दोन्ही शेजारी ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की फ्रान्सचा नायनाट, पूर्वेकडच्या जमिनी बळकावणं, हे इंग्रज वाचकाला अस्वस्थ करील ते नेमकं गाळलेलं किंवा सौम्य केलेलं आहे. १९३६ साली हे गाळलेले उतारे भाषांतरासह एका पुस्तिकेत छापले गेले. प्रस्तावना त्यांची. चर्चिल यांनाही त्यांनी हे उतारे पाठवले. पक्षातले बहुतेकजण हिटलरच्या ताज्या भाषणातल्या शांततेच्या वाक्यांवर विसंबून असताना, त्याने स्वतः काय लिहून ठेवलंय हे शब्दकोश घेऊन वाचणाऱ्यांत ही साठीतली बाई होती.

स्पेनमध्ये तेव्हा प्रजासत्ताकाचं निवडून आलेलं सरकार आणि लष्करी बंडखोर यांच्यात यादवी पेटलेली होती. एप्रिल १९३७ मध्ये डचेस तिथे गेल्या. सोबत एलिनॉर रॅथबोन, मजूर पक्षाच्या एलन विल्किन्सन आणि डेम रेचल क्राउडी. व्हॅलेन्सिया, बार्सिलोना आणि तोफांच्या माऱ्यात सापडलेलं माद्रिद त्यांनी पाहिलं. त्या महिन्याच्या २६ तारखेला गेर्निका हे बास्क गाव बॉम्बवर्षावात बेचिराख झालं. बास्कांच्या बिल्बाओ शहरावर वेढा आवळत होता. मुलांना बाहेर काढा अशी हाक बास्क सरकारने दिली. ब्रिटिश सरकारने परवानगी दिली ती अट घालून की सरकारी तिजोरीतून एक पेनीही मिळणार नाही. दर मुलामागे आठवड्याला दहा शिलिंगांची हमी समितीने द्यायची. डचेसच्या समितीने ती दिली.

२१ मेला ‘हबाना’ नावाचं जहाज निघालं. आठशे उतारूंच्या त्या जहाजात ३,८०० हून अधिक मुलं, सोबत शिक्षिका, मदतनीस बायका, पंधरा धर्मगुरू. बिस्केच्या उपसागरात खवळलेला समुद्र. दोन दिवसांनी साउथॅम्प्टनला बोट लागली तेव्हा गाव पताकांनी सजलेलं होतं. सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाच्या त्या उरलेल्या पताका. मुलांना वाटलं, आपल्याच स्वागताला लावल्यात. जवळच्या नॉर्थ स्टोनम इथे शेतात तंबू ठोकले होते. पांढरा पाव बघून मुलं हरखली, कारण बिल्बाओत कित्येक महिने तो दिसला नव्हता. आकाशात विमानाची घरघर आली की तंबूंमध्ये किंकाळ्या उठत. १९ जूनला बिल्बाओ पडलं. छावणीत कर्ण्यावरून ती बातमी सांगितली गेली आणि हजारो मुलांनी एकदम हंबरडा फोडला. काही मोठी मुलं छावणीबाहेर पळत सुटली, घरी जायला. पुढे मुलांना ठिकठिकाणच्या वसतिगृहांत वाटलं गेलं. स्कॉटलंडमधलं वसतिगृह पर्थशायरला लागूनच असलेल्या अँगस परगण्यात, माँट्रोझला होतं. बहुतेक मुलं पुढे परत गेली. पण ज्यांचे आईबाप मारले गेले होते, तुरुंगात होते किंवा परागंदा झाले होते, अशी सुमारे चारशे मुलं ब्रिटनमध्येच वाढली.

जून १९३८ मध्ये डचेसचं ‘सर्चलाइट ऑन स्पेन’ हे पुस्तक पेंग्विनने सहा पेन्सला बाजारात आणलं आणि त्याच्या लाखावर प्रती खपल्या. पुस्तक एकतर्फी आहे. प्रजासत्ताकाच्या बाजूने झालेल्या धर्मगुरूंच्या हत्यांना त्यात मिळालेली जागा अपुरी आहे, ही टीका रास्त आहे. पण मुख्य युक्तिवाद आजही खणखणीत वाटतो. निवडून आलेल्या सरकारला शस्त्रं विकायची नाहीत आणि बंडखोरांना जर्मनी-इटली उघड पुरवतायत त्याकडे काणाडोळा करायचा, याला तटस्थता म्हणत नाहीत. शिवाय फ्रान्सच्या पाठीशी आणि जिब्राल्टरच्या तोंडाशी शत्रूचं ठाणं बसलं तर ब्रिटनचंच नुकसान. बोलत होती ती साम्राज्यवादी बाईच, साम्राज्याच्या हिताची भाषा. त्याच जून महिन्यात जवाहरलाल नेहरू कृष्ण मेनन यांच्यासह बार्सिलोनात होते आणि तेही हेच पाहत होते. ज्यांच्या स्वराज्याला डचेसनी तीन वर्षांपूर्वी विरोध केला, ते आणि त्या आता एकाच बाजूला होते.

पंतप्रधान चेंबरलेन यांनी मुसोलिनीशी करार केल्यावर एप्रिल १९३८ मध्ये डचेसनी पुन्हा व्हिप परत केला होता. सप्टेंबरात म्युनिकचा करार झाला, चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला मिळाला, लंडनमध्ये जल्लोष झाला. नोव्हेंबरात त्यांच्या मतदारसंघातल्या पक्ष शाखेने दुसरा उमेदवार शोधायचं ठरवलं. कॅथरीन यांनी राजीनामा दिला आणि अपक्ष म्हणून परत उभ्या राहिल्या. मतदारांनी सांगावं, एवढंच म्हणणं.

मजूर पक्षाने उमेदवार दिला नाही, उदारमतवाद्यांनी आपला मागे घेतला. समोर हुजूर पक्षाचे विल्यम मॅकनेअर स्नॅडन, त्याच भागातले शेतकरी. बाहेरून पन्नासेक खासदार प्रचाराला उतरले. डचेसना मत म्हणजे युद्धाला मत, असं घरोघर सांगितलं गेलं. नाताळ तोंडावर होता, काही जमीनदारांनी मजुरांना बोनस वाटल्याचं तेव्हा बोललं गेलं. चर्चिल यांनी पाठिंब्याचं पत्र पाठवलं, स्वतः आले नाहीत. बाजूने बोलायचं कबूल केलेले काहीजण ऐनवेळी मागे सरले. २१ डिसेंबरला, भर बर्फात, मतदान झालं. स्नॅडन ११,८०८, डचेस १०,४९५.

मला यात पराभवापेक्षा ती दहा हजार मतं मोठी वाटतात. जमीनदार, शाखा, पंतप्रधान, सगळे एका बाजूला असताना हायलँड्सच्या त्या मुलखात जवळजवळ निम्म्या मतदारांनी त्यांचं ऐकलं. मार्च १९३९ मध्ये हिटलर प्रागमध्ये शिरला. पार्लमेंटात त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात ग्लासगोहून हलवलेली मुलं ब्लेअर कॅसलमध्ये आली. १९४२ साली ड्यूक वारले. १९४४ साली, रशिया दोस्त आहे म्हणून पोलंड आणि बाल्टिक देशांबद्दल बोलणं गैरसोयीचं झालेलं असताना, डचेस नेमक्या त्याच विषयावर ‘ब्रिटिश लीग फॉर युरोपियन फ्रीडम’च्या अध्यक्ष झाल्या. ‘लाल डचेस’ म्हणून ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांतल्या कम्युनिस्टांनी आता त्यांना फॅसिस्ट ठरवलं. वास्तविक सोव्हिएत सक्तमजुरीबद्दल त्यांनी १९३१ सालीच पुस्तक लिहिलं होतं. १९५८ साली त्यांचं आत्मचरित्र आलं, ‘वर्किंग पार्टनरशिप’. नावाप्रमाणेच त्यात नवऱ्याच्या आणि स्वतःच्या आयुष्याची गुंफण आहे. १९६० साली एडिंबरात त्यांचं निधन झालं.

स्नॅडन यांनी ती जागा १९५५ पर्यंत राखली. पुढे १९६३ च्या नोव्हेंबरात तिथे पुन्हा एक गाजलेली पोटनिवडणूक झाली. त्या वेळी निवडून आले सर ॲलेक डग्लस-ह्यूम. तेही स्कॉटिश उमराव, पंतप्रधान झाल्यावर अर्लची पदवी सोडून लोकसभेत आलेले. म्युनिकच्या वेळी ते चेंबरलेन यांचे संसदीय खासगी सचिव होते आणि चेंबरलेन हिटलरला भेटायला म्युनिकला गेले तेव्हा त्यांच्यासोबत होते.